मायग्रेनमध्ये एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो तेव्हा: काय ओळखायचं, काय करायचं, काय टाळायचं

नुसतं डोकं दुखतंय म्हणून सहसा कोणी धावतपळत हॉस्पिटल गाठत नाही. पण डोकं दुखायच्या आधी उजवा हात उचलेनासा झाला, शब्द तोंडात अडकले आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत झालं, तर घरात दोन तट पडतात. एकाच्या मते तो लकवाच होता, दुसऱ्याच्या मते ताण घेतल्यामुळे झालं. तिसऱ्या शक्यतेचं नाव मात्र फार थोड्यांनी ऐकलेलं असतं: हेमिप्लेजिक मायग्रेन. साधारण दहा हजारांत एकाला होणारा हा मायग्रेनचा दुर्मीळ प्रकार. बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो, आणि मुलांपेक्षा मुलींमध्ये बराच जास्त आढळतो.

याचं निदान मुख्यतः झटक्याच्या वर्णनावरून होतं. स्कॅन आणि रक्ततपासण्या करतात त्या दुसरं काही नाही ना, हे बघायला. त्यामुळे झटका नीट बघणारा आणि नीट सांगणारा माणूस इथे डॉक्टरांच्या फार उपयोगी पडतो. या लेखाचा बराचसा भाग त्याच्यासाठी आहे.

पहिला झटका: घरी निदान करायचं नाही

अंगाची एक बाजू पहिल्यांदाच गळाली असेल, तर तो लकवा आहे असं धरूनच चालायचं. वय सोळा असो, घरात सगळ्यांना मायग्रेन असो, हा नियम मोडायचा नाही. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. "थोडा वेळ वाट बघू" म्हणण्यात जातो तो वेळ यातलाच असतो.

घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. रुग्ण झोपेतून उठताना लुळा आढळला, तर वेळ मोजायची ती तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. रुग्णवाहिका बोलवा. खायला-प्यायला काही देऊ नका, कारण गिळण्यावरही परिणाम झालेला असू शकतो. घरातली अ‍ॅस्पिरिनही देऊ नका. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तीच अंगावर येईल. उलटी होत असेल तर कुशीवर वळवून ठेवा. मधुमेहाची औषधं चालू असतील आणि ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर तपासा, कारण साखर फार उतरली तरीही एक बाजू लुळी पडू शकते. सगळ्या औषधांची पाकिटं बरोबर घ्या.

हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत हात हलायला लागला, तरी परत फिरू नका. काही मिनिटांत आपोआप बरा होणारा छोटा लकवाही असतो, आणि पुढे येणाऱ्या मोठ्या लकव्याची ती सूचना असू शकते.

मेंदूत नेमकं काय चालतं

१९४४ साली आरिस्तिदेस लेआओ हा ब्राझिलियन संशोधक हार्वर्डमध्ये सशांच्या मेंदूवर प्रयोग करत होता. मेंदूच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी उद्दीपन दिलं की तिथली विद्युत हालचाल मंदावते आणि ही मंदी हळूहळू आजूबाजूला पसरत जाते, असं त्याला दिसलं. मायग्रेनमध्ये डोकेदुखीच्या आधी किंवा तिच्याबरोबर येणाऱ्या लक्षणांच्या, म्हणजे ऑराच्या मुळाशी हीच लाट असते असं आज मानलं जातं. तिचा वेग मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर. लाट येते तेव्हा पेशी क्षणभर एकदम पेटून उठतात आणि मग काही काळ गप्प होतात. दृष्टीच्या भागात ही लाट असेल तर आधी लखलखाट आणि मग आंधळा ठिपका. स्पर्शाच्या भागात आधी मुंग्या आणि मग बधिरपणा. हेमिप्लेजिक मायग्रेनमध्ये ती हालचालीच्या भागापर्यंत पोचते, म्हणून हात-पाय गळतात.

काही लोकांमध्ये ही लाट इतक्या सहज का उठते, याचं उत्तर जनुकांत सापडलं. ज्ञात असलेली तीन मुख्य जनुकं पेशीच्या भिंतीतल्या दारांशी आणि पंपांशी संबंधित आहेत. सीएसीएनए१ए हे कॅल्शियमच्या दाराचं, एटीपी१ए२ हे सोडियम-पोटॅशियम पंपाचं आणि एससीएन१ए हे सोडियमच्या दाराचं. यांत बिघाड झाला की पेशींच्या बाहेर ग्लुटामेट (पेशींना चेतवणारं रसायन) आणि पोटॅशियम साचतं आणि लाटेला उठायला निमित्त पुरतं. "मनावर घेतलं म्हणून हात गेला" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा परिच्छेद वाचायला द्यायला हरकत नाही.

घड्याळ लावून बघा: लक्षणं सरकतात कशी

लकव्यात बहुतेकदा सगळं एकदम होतं. तोंड, हात, पाय, जे जायचं ते क्षणात जातं. मायग्रेनची लक्षणं मात्र सरकत जातात. आधी नजरेच्या कडेला नागमोडी चमचम. दहा-पंधरा मिनिटांत ती मोठी होते. मग बोटांच्या टोकांना मुंग्या, त्या मनगटाकडून कोपराकडे चढतात, आणि पुढे त्याच बाजूचा ओठ आणि अर्धी जीभ. मग हाताची पकड सैल होते, शब्द सापडेनासे होतात. एक ओसरत असताना दुसरं सुरू होतं. दृष्टीची आणि स्पर्शाची लक्षणं साधारण पाच मिनिटं ते तासभर टिकतात. अशक्तपणा जास्त रेंगाळतो: काही तास, कधी दोन-तीन दिवस, आणि क्वचित काही आठवडेसुद्धा.

हात-पाय गळण्याबरोबर दृष्टी, स्पर्श किंवा बोलणं यांतलं निदान एक तरी बिघडलेलं असतं. फक्त हात गळाला आणि बाकी सगळं स्वच्छ, असं असेल तर डॉक्टर दुसरीकडे शोध घेतात. बऱ्याच जणांना चक्कर येते, एकाचे दोन दिसतात, कानात आवाज होतो. डोकेदुखी गळालेल्याच बाजूला असेल, उलट बाजूला असेल किंवा दोन्हीकडे. ती आधी येते, मागून येते, कधी येतच नाही. एका झटक्यात डावी बाजू आणि पुढच्यात उजवी, असंही होतं. उलट, दर वेळी काटेकोरपणे तीच बाजू जात असेल तर मेंदूच्या त्या भागात काही नाही ना, हे अधिक बारकाईने बघावं लागतं.

सरकणारी लक्षणं दिसली म्हणून घरच्या घरी लकवा खोडून मात्र काढता येत नाही. काही लकवे अडखळत वाढतात, काही मायग्रेन एकदम कोसळतात. हे निरीक्षण डॉक्टरांना सांगण्यासाठी आहे.

गळाला की बधिर झाला?

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. "हात जड पडला" हे वाक्य रुग्ण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. बधिर हातातून कप निसटतो, कारण आपण तो किती घट्ट धरलाय हे हाताला कळत नाही. पण हाताकडे नीट बघत, लक्ष देऊन मूठ वळायला सांगितलं की तो वळवतो. गळालेल्या हाताला कितीही बघितलं तरी जोर येत नाही. बधिरपणा असलेला ऑरा बऱ्यापैकी नेहमीचा. खरा अशक्तपणा असलेला दुर्मीळ. औषधांचा सगळा हिशेब या फरकावर बदलतो.

घरी करता येतील अशा चाचण्या सोप्या आहेत. डोळे उघडे ठेवून दोन्ही हात समोर, तळवे आभाळाकडे करून दहा सेकंद धरायला सांगा. एक हात खाली सरकतो का, तळवा आत वळतो का बघा. आपली दोन-दोन बोटं रुग्णाच्या दोन्ही मुठीत देऊन एकाच वेळी दाबायला सांगा. दात दाखवायला सांगा आणि ओठाची एक कड मागे राहते का पाहा. मग घड्याळ, चमचा, किल्ली अशा वस्तू दाखवून नावं विचारा. शब्दच सापडत नसेल तर वेगळी गोष्ट, शब्द बरोबर पण उच्चार लडबडत असेल तर वेगळी. दोन्ही वेगळे लिहा. रुग्णाची आधी परवानगी घेऊन ठेवलेली असेल तर मोबाइलवर चित्रण करा. तपासणीच्या दिवशी हात ठणठणीत असतो आणि डॉक्टरांना दाखवायला तेवढंच उरतं. हे सगळं रुग्णवाहिकेची वाट बघताना किंवा ओळखीच्या झटक्यात. यासाठी निघायला उशीर करायचा नाही.

नोंद कशी असावी, याचा एक नमुना:

दुपारी ४.१० डावीकडे चमचम. ४.२५ डाव्या बोटांना मुंग्या, ४.४० पर्यंत कोपर. ४.५० डावी मूठ सैल, हात खांद्याच्या वर जात नाही. ५.०५ ओठाची डावी कड खाली, बोलणं जड पण शब्द बरोबर. ५.२० उजव्या कपाळात ठणका, दोन उलट्या. ५.३० पॅरासिटामॉल. रात्री ९ मुंग्या नाहीत, मूठ अर्धी. दुसऱ्या दिवशी सकाळी ११ हात पूर्ण ठीक, थकवा फार. आदल्या रात्री झोप तीन तास.

अशी दोन पानं "अधूनमधून हात जातो" या वाक्यापेक्षा कितीतरी पुढची असतात.

डॉक्टरांकडे काय होतं

न्यूरॉलॉजिस्ट, तोही शक्यतो डोकेदुखीवर काम करणारा, असा मिळाला तर उत्तम. निदानासाठी असे किमान दोन झटके यावे लागतात, प्रत्येक लक्षण पूर्ण ओसरावं लागतं आणि दुसरं कारण सापडता कामा नये. जवळच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं, आजी-आजोबा, मामा, आत्या अशांपैकी कोणाला हाच त्रास असेल तर तो आनुवंशिक प्रकार. नसेल तर तुरळक. म्हणून जाण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. "तिला तरुणपणी वारा गेला होता, पण दोन दिवसांत बरी झाली," अशी एखादी आत्या बऱ्याच घरांत निघते.

मेंदूचा आणि रक्तवाहिन्यांचा एमआरआय, ईईजी (मेंदूच्या विद्युत हालचालीचा आलेख), हृदयाची तपासणी, रक्ततपासण्या आणि गरज पडली तर पाठीच्या कण्यातलं पाणी, एवढं साधारण होतं. आकडीनंतर येणारा तात्पुरता लुळेपणा, मेंदूच्या शिरांमधली गुठळी, मेंदूज्वर, पेशींच्या ऊर्जेशी निगडित काही आजार असे बरेच तोतये यात असतात. बाळ दीड वर्षाचं व्हायच्या आतच आलटूनपालटून बाजू जायला लागली असेल तर तो वेगळा आजार धरतात. झटक्यात काढलेल्या एमआरआयमध्ये कधी मेंदूच्या कडेला थोडी सूज दिसते. एरवी तो सहसा नॉर्मल येतो. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे झालेलं खोटं होतं, असं नाही.

एक गोष्ट आवर्जून विचारा. रक्तवाहिनीत नळी सरकवून करायची अँजिओग्राफी या रुग्णांमध्ये झटका आणू शकते. शक्य असेल तिथे एमआर किंवा सीटी अँजिओग्राफी करतात. हा आजार असल्याचं ती ठरवणाऱ्या डॉक्टरांना माहीत आहे ना, याची खात्री करून घ्या.

घराण्यातला धागा

सीएसीएनए१ए १९९६ मध्ये सापडलं, एटीपी१ए२ २००३ मध्ये आणि एससीएन१ए २००५ मध्ये. आनुवंशिक प्रकारात आई किंवा वडील यांपैकी एकाकडून दोष आला की प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. पण एकाच घरात, एकाच दोषासह, एका भावाला आयुष्यात दोन झटके आणि बहिणीला दर दोन महिन्यांनी, असं दिसतं. कोणत्याही जनुकात दोष सापडला नाही तरी निदान खोडलं जात नाही. त्यामुळे चाचणी करायची का, हे तिच्या निकालाने पुढे काय बदलणार आहे त्यावर ठरवावं. झटके सौम्य आणि निदान स्पष्ट असेल तर फारसं काही बदलत नाही. झटक्यात ताप, गुंगी किंवा आकडी येत असेल, चालताना तोल जात असेल, तर बदलू शकतं.

सीएसीएनए१एच्या काही बदलांमध्ये डोक्याला लागलेल्या साध्या टपलीनेही मेंदूला सूज येऊन गंभीर झटका येतो. अशा मुलांच्या शाळेला आणि खेळाच्या शिक्षकांना लेखी कळवा. डोक्याने चेंडू मारणं, कुस्ती, बॉक्सिंग नको.

औषधं: आधी नको असलेली

सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान यांसारखी ट्रिप्टान आणि एर्गोटामाइनची औषधं नेहमीच्या मायग्रेनमध्ये दिली जातात. ती रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून हेमिप्लेजिक मायग्रेनमध्ये ती देऊ नयेत असं त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. ही भीती जरा अवाजवी आहे असं काही तज्ज्ञांना वाटतं, आणि घेऊन काही न झालेले रुग्णही नोंदले गेले आहेत. तो वाद तज्ज्ञांनी घालावा. "मायग्रेनची गोळी द्या" एवढंच म्हणून दुकानातून आणलेलं औषध मात्र नको.

इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या ऑरा असलेल्या कोणत्याही मायग्रेनमध्ये टाळायच्या, कारण लकव्याचा धोका वाढतो. सिगारेट सोडायची. नेहमीच्या मायग्रेनमध्ये झटके टाळायला देतात त्या प्रोप्रानोलॉलबद्दल मतं सारखी नाहीत. आधीपासून चालू असेल तर परस्पर बंद करू नका, विचारा.

झटक्यात पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन आणि जोडीला उलटीचं औषध हा सहसा पहिला मार्ग असतो. यांनी डोकं उतरतं. गळालेला हात लवकर परत आणेल असं खात्रीचं औषध आजतरी नाही, ते वेळेनेच येतं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र (एकाच गोळीत अनेक औषधं असलेल्या) गोळ्या १० किंवा जास्त दिवस लागत असतील, तर त्याच डोकेदुखी वाढवायला लागतात.

झटके वारंवार येत असतील किंवा क्वचित येऊनही भयंकर असतील तर रोजचं प्रतिबंधक औषध सुरू करतात. फ्लुनारिझिन, व्हेरापामिल, अ‍ॅसिटाझोलामाइड, लॅमोट्रिजिन, टोपिरामेट ही त्यातली नावं. आजार दुर्मीळ असल्याने मोठे अभ्यास नाहीत आणि निवड बरीचशी रुग्ण बघून होते. फ्लुनारिझिनने वजन वाढतं, झोप येते, मन खचू शकतं. हालचाली मंदावल्या तर लगेच कळवा. व्हेरापामिलने बद्धकोष्ठ होतो, आणि ईसीजीवर नजर ठेवावी लागते. लॅमोट्रिजिन हळूहळूच वाढवतात. अंगावर पुरळ दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. व्हॅल्प्रोएटही वापरतात, पण गर्भावर गंभीर परिणाम होत असल्याने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते टाळतात.

अ‍ॅसिटाझोलामाइड आणि टोपिरामेट या दोन्हींनी बोटांना मुंग्या येतात, आणि रुग्ण घाबरतो की झटका आला. औषधाच्या मुंग्या सहसा दोन्ही हातांना, तळपायांना किंवा तोंडाभोवती असतात आणि तिथल्या तिथे येऊन जातात. एका बाजूने चढत जाणाऱ्या मुंग्या वेगळ्या. हे औषध सुरू करतानाच सांगितलं गेलं तर रात्री-अपरात्रीचे बरेच फोन वाचतील.

पुढच्या झटक्याची तयारी

निदान पक्कं झाल्यावर डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या: आजाराचं नाव, नेहमीचा झटका कसा असतो आणि किती वेळ टिकतो, चालू औषधं, देऊ नयेत ती औषधं, संपर्काचे दोन नंबर. पाकिटात एक प्रत, मोबाइलमध्ये फोटो. बोलणं जातं, म्हणून "मला झटका आलाय, घरी ये" असा संदेश आधीच टाइप करून ठेवा, एका बोटाने पाठवता येईल असा. एकटं राहणाऱ्याने दाराची एक किल्ली जवळ राहणाऱ्या कोणाकडे ठेवावी.

चमचम सुरू झाली की लगेच बसा. जिना, गॅस, उकळता चहा, गाडी यांपासून लांब. अशक्तपणा यायला अजून वेळ आहे म्हणून "हातातलं काम संपवते" म्हणणारे पडतात. गोळी घेण्याआधी घोटभर पाणी पिऊन बघा. ठसका लागला तर तोंडाने गोळी घेऊ नका. लुळा हात उशीवर नीट ठेवा, लोंबकळत ठेवला किंवा कोणी धरून ओढला तर खांदा दुखावतो. अशक्तपणा काही दिवस राहिला तर फिजिओथेरपिस्ट लवकर बोलवा.

निदान झालेलं असूनही हॉस्पिटल गाठायचं ते या वेळी: झटका नेहमीसारखा नसेल, नेहमीपेक्षा जास्त लांबला असेल, सगळं एकदम गेलं असेल, क्षणात असह्य डोकं दुखलं असेल, ताप, आकडी, गुंगी, असंबद्ध बोलणं असेल, डोक्याला मार लागला असेल, गरोदरपण किंवा नुकतंच बाळंतपण असेल. मायग्रेन असलेल्या माणसाला लकवा होत नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही.

निमित्तांच्या मागे किती लागायचं? झोपमोड, ताण, अतिश्रम, झगझगीत उजेड, पाळी आणि डोक्याला लागणं, ही वारंवार आढळणारी निमित्तं. तीन-चार महिन्यांच्या नोंदींमध्ये एखादं पुन्हापुन्हा दिसलं तर ते सांभाळा. पण इंटरनेटवरच्या याद्या बघून एकेक पदार्थ सोडत जाणं मला पटत नाही. माणूस अशक्त होतो आणि झटके येतच राहतात. ठरलेली झोप आणि वेळेवर जेवण यांनी जास्त साधतं.

गाडी चालवण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि नोकरीच्या ठिकाणी प्रमाणपत्र आधीच देऊन ठेवा. सकाळी उचलून न्यावं लागलेला माणूस दोन दिवसांनी हसत कामावर आला की लोकांना नाटक वाटतं. झटक्यानंतर मागितलेलं प्रमाणपत्र तेव्हा तितकंसं ऐकलं जात नाही.

प्रतिबंधक औषधाला दोन-तीन महिने द्यावे लागतात. सहा महिने ते वर्षभर झटके शांत राहिले तर डॉक्टर ते हळूहळू कमी करून बघतात. वय वाढत जातं तसे अनेकांचे झटके विरळ होतात, काहींमध्ये हात-पाय गळणं थांबून साधा मायग्रेन उरतो. गोळी कमी करायची सुरुवात परीक्षा, लग्नकार्य किंवा रात्रपाळीच्या महिन्यात करू नका, आणि त्या काळात नोंदवही पुन्हा रोज उघडा.